न झालेल्या जखमांचा हिशेब

२०११ चा मार्च. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला अरुणा शानबाग प्रकरणाचा निकाल दिला आणि पुढचे आठ दिवस घराघरांत दयामरणावर वाद झडत राहिले. आमच्याकडेही झडले. माझी आत्या मात्र त्यात पडली नाही. मुंबईतल्या एका सरकारी इस्पितळात बत्तीस वर्षे नर्स म्हणून काढलेली ही बाई चष्मा पुसून तोच पेपर पुन्हा पुन्हा वाचत होती आणि तिचे बोट एकाच ठिकाणी थांबत होते. सदतीस वर्षे अंथरुणाला खिळलेल्या त्या बाईंच्या अंगावर एकही बेडसोअर नव्हता.

मी म्हटले, काळजी चांगली घेतली असेल. पुरणपोळीला कोणी गोड चपाती म्हटले की सुगरण त्याच्याकडे जसे पाहील, तसे आत्याने माझ्याकडे पाहिले.

अरुणा शानबाग स्वतः मुंबईच्या केईएम रुग्णालयात नर्स होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या पुन्हा भानावर आल्या नाहीत. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेल्या. मधली साडेएकेचाळीस वर्षे केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळले. ज्यांनी त्यांना कामावर असताना पाहिले होते त्या निवृत्त झाल्या, ज्या तेव्हा जन्मल्याही नव्हत्या त्यांनी पाळी हाती घेतली. ऐंशीच्या दशकात महापालिकेने त्यांना तिथून हलवायचे दोनदा मनात आणले, तेव्हा याच नर्सेसनी आंदोलन करून तो बेत हाणून पाडला. निकाल योग्य होता की नव्हता, यावर आजही दुमत असू शकते. बेडसोअरबद्दल नाही. दर दोन तासांनी कूस बदलायचा पाठ्यपुस्तकातला नियम धरला, तर साडेएकेचाळीस वर्षांत तो प्रसंग एक लाख ऐंशी हजारांहून अधिक वेळा येतो. त्यातला एक जरी आळसात गेला, तरी कातडीला ते कळते.

सर्जनने काढलेली गाठ बशीत ठेवून नातेवाइकांना दाखवता येते. नर्सने टाळलेली जखम कुठे ठेवून दाखवायची? पुरस्कार, बातम्या, स्मारके सगळी घडलेल्या गोष्टींची. या व्यवसायातले उत्तम काम म्हणजे काहीतरी न घडणे. आत्याच्या त्या नजरेनंतर मी अशा बायकांच्या मागावर आहे, ज्यांनी न घडलेल्या गोष्टी मोजायची वाट शोधली.

*

आत्याच्या उमेदवारीच्या काळात वॉर्डात ‘बॅक केअर’ नावाचा सोहळा असे. ट्रॉलीवर स्पिरिट, पावडर, कोमट पाणी. विद्यार्थिनी एकेका रुग्णाला कुशीवर घेऊन पाठ चोळत. राउंडला आलेली सिस्टर इन-चार्ज रुग्णाच्या माकडहाडाशी हात घालून बघे. बेडसोअर निघाला, तर त्या वॉर्डाची मान मेट्रनपुढे खाली. तो पाठ नीट न चोळल्याचा पुरावा मानला जाई.

इंग्लंडमध्ये हीच रीत होती आणि हीच लाज. लाजेतून संशोधन होत नाही, लपवालपवी होते. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश नर्सचे मोठेपण इथे आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला वृद्धांचे वॉर्ड म्हणजे वैद्यकातली अडगळीची खोली होती. हुशार डॉक्टर तिथे थांबत नसत, हुशार नर्सलाही तिथली पाळी शिक्षा वाटे. नॉर्टन तिथेच रमल्या. ऱ्होडा मॅक्लॅरेन आणि डॉ. एक्स्टन-स्मिथ यांच्यासह त्यांनी वृद्धांच्या परिचर्येतले प्रश्न अभ्यासले, आणि तो अहवाल १९६२ मध्ये निघाला. २५० वृद्ध रुग्ण त्यांनी भरतीपासून नजरेखाली ठेवले.

मूळ प्रश्न साधा होता. पाठीला लावायच्या लेपांपैकी कोणता चांगला? पण लेप तपासायचे तर दोन्ही बाजूंचे रुग्ण सारखे नाजूक हवेत, आणि नाजूकपणा मोजायचा कसा? म्हणून नॉर्टननी पाच गोष्टी घेतल्या : प्रकृती, मनाची जाग, चालणे-फिरणे, अंथरुणात स्वतः हलण्याची ताकद, मलमूत्रावरचा ताबा. प्रत्येकीला १ ते ४ गुण. धडधाकट माणसाचे २०, अगदी गळालेल्याचे ५. तुलनेसाठी केलेली ही मोजपट्टी हाती आल्यावर दिसले ते असे, की कोणाला जखम होणार हे ती आधीच सांगते. १४ किंवा त्याखाली गुण आले की सावध. शिवाय बहुतेक जखमा भरतीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतच होत होत्या, म्हणजे पहिल्या दिवशी हिशेब केला तरच त्याचा उपयोग. आणि लेप? कूस बदलण्यापुढे त्यांची मातब्बरी नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या चोळत आलेले स्पिरिट एका नर्सनेच बाजूला सारले.

कारण समजले की ते सोपे वाटते. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चिमटली की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात. निरोगी माणूस झोपेतही चुळबुळ करतो, ती चुळबुळ म्हणजे कातडीचा श्वास. जो चुळबुळ करू शकत नाही, त्याच्यासाठी ती दुसऱ्या कोणी करायची. लालसर झालेल्या जागी चोळणे तर उलट घातक, कारण आतले दुखावलेले मांस त्याने अधिक फाटते. पुढे १९८७ मध्ये बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकन नर्सेसनी आहार, ओल, घर्षण यांची भर घालून नवी मोजपट्टी प्रसिद्ध केली. आज जगभर तीच अधिक चालते. पण पहिला आकडा नॉर्टन यांचा, आणि त्यामुळे जे बदलले ते मला फार मोलाचे वाटते : बेडसोअर ही चारित्र्याची गोष्ट राहिली नाही, अंदाज बांधता येण्याजोगी गोष्ट झाली.

*

शाळेत आपल्याला हातात दिवा घेतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल शिकवतात. दिव्याने त्या बाईंचे फार नुकसान केले. त्यांचे खरे हत्यार तक्ता होते.

४ नोव्हेंबर १८५४ रोजी ३८ स्त्रियांना घेऊन नाइटिंगेलबाई तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. त्या आल्या आणि मृत्यू घटले, ही आपली गोष्ट. वस्तुस्थिती अशी की त्या आल्यानंतरच्या हिवाळ्यात मृत्यू वाढत गेले. १८५५ च्या फेब्रुवारीत तिथले मृत्यूचे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास पोचले होते. जखमा धुतल्या जात होत्या, सूप शिजत होते, पत्रे लिहून दिली जात होती, आणि इमारतीखाली तुंबलेली गटारे आपले काम करत होती. मार्चमध्ये स्वच्छता आयोग आला, त्याने गटारे वाहती केली, घाण आणि मेलेली जनावरे उचलली, हवा खेळती केली. मग आकडे उतरले.

क्रिमियाचे युद्ध संपल्यावर इंग्लंडला परतलेल्या नाइटिंगेलबाईंनी विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने महिन्यामहिन्याचा हिशेब मांडला. १८५५ च्या जानेवारीत पूर्वेकडच्या ब्रिटिश सैन्यात रोगांनी मेलेले २,७६१, जखमांनी मेलेले ८३. पुढच्याच वर्षीच्या जानेवारीत, सैन्य मोठे असूनही, रोगांनी मेलेले ४२. म्हणजे शत्रूच्या गोळीपेक्षा आपल्याच रुग्णालयाने माणसे अधिक मारली होती, आणि त्या रुग्णालयातल्या नर्सेसच्या प्रमुख त्या स्वतः होत्या. हे सांगणारी ती प्रसिद्ध पाकळ्यांची आकृती १८५८ ची. देशभर आपल्या नावाच्या आरत्या चालू असताना ज्या बाईंनी हा तक्ता छापला, त्यांच्या धैर्यापुढे दिवा मिणमिणता वाटतो. लंडनच्या संख्याशास्त्र सोसायटीच्या त्या पहिल्या महिला सदस्य. सेंट थॉमस रुग्णालयातली त्यांची प्रशिक्षणशाळा १८६० ची.

भारतात त्या कधी आल्या नाहीत, पण हिंदुस्थानातल्या लष्करी छावण्यांच्या आरोग्यावरचे १८६३ चे शाही आयोगाचे काम मोठ्या अंशी त्यांच्या टेबलावर झाले. इथे मरणाऱ्या गोऱ्या सैनिकांचे प्रमाण हजारी ६९ होते, दहाएक वर्षांत ते १८ वर आल्याचे त्यांनी लिहिले आहे. पुढे त्यांचे लक्ष छावण्यांबाहेरच्या खेड्यांकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. आणि बेहरामजी मलबारींचे दयाराम गिडुमल यांनी लिहिलेले चरित्र १८९२ मध्ये निघाले, त्याची प्रस्तावना नाइटिंगेलबाईंची आहे. ही दोन नावे लक्षात असू द्यावीत, ती पुन्हा येणार आहेत.

*

१९५६ चा उन्हाळा, इंग्लंडच्या एसेक्समधले रॉचफर्डचे रुग्णालय. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागाच्या प्रमुख सिस्टर वॉर्ड यांचा ताज्या हवेवर आणि उन्हावर भारी विश्वास. हवा चांगली असली की त्या बाळांना अंगणात घेऊन जात. एका राउंडला त्यांनी एक बाळ उघडे करून डॉक्टरांपुढे धरले. अंगाचा पिवळेपणा फिकटला होता, पण एका त्रिकोणी तुकड्यावर तो गडद उरला होता. डॉक्टरांनी विचारले, काय फासलेत? काही नाही. चादरीचा कोपरा तेवढ्या भागावर आला होता. ऊन जिथे पोचले तिथली कावीळ उतरली होती.

डॉक्टरांना ते लगेच पटले नाही. काही दिवसांनी काविळीच्या बाळाच्या रक्ताची एक नळी प्रयोगशाळेत खिडकीशी उन्हात राहून गेली आणि तिच्यातले बिलिरुबिन, म्हणजे काविळीचे पिवळे द्रव्य, अपेक्षेपेक्षा बरेच कमी भरले, तेव्हा दोन धागे जुळले. निळ्या प्रकाशाखाली बाळ ठेवायच्या आजच्या उपचाराचा उगम तो. जगात आजवर किती बाळांचा मेंदू त्याने वाचवला असेल! आपल्याकडच्या आज्या बाळाला कोवळ्या उन्हात धरत आल्या आहेत, त्यांना या गोष्टीत नवल वाटणार नाही. (काविळीच्या बाळाला मात्र आज नुसत्या उन्हावर सोडू नये, दिव्याची मात्रा मोजता येते, उन्हाची नाही.)

१९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो शोधनिबंध आला. लेखक तीन : क्रेमर, पेरीमन, रिचर्ड्स. त्रिकोण ज्यांनी पाहिला, त्या सिस्टरचे नाव लेखकांत नाही. त्यात कोणाचा कट नव्हता. नर्सने पाहायचे, डॉक्टरने लिहायचे, हीच वहिवाट होती.

याच वहिवाटीमुळे सिसिली सॉण्डर्स डॉक्टर झाल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या नाइटिंगेलबाईंच्याच शाळेत नर्स झाल्या, पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या. १९४८ मध्ये डेव्हिड तास्मा नावाचा पोलिश ज्यू निर्वासित कॅन्सरने मरत असता त्यांच्याशी बोलत राहिला आणि जाताना तुमच्या घराची खिडकी व्हावी म्हणून ५०० पौंड ठेवून गेला. मरणासन्नांसाठीचे ते घर तेव्हा मनातही धड नव्हते. त्याच सुमारास सॉण्डर्स लंडनच्या सेंट ल्यूक्समध्ये स्वयंसेविका म्हणून जात. तिथल्या नर्सेस मॉर्फिन देताना रुग्ण कळवळायची वाट बघत नसत. ठरल्या वेळी, कळ परत यायच्या आत, डोस. इतरत्र माणूस आधी ओरडे, मग याचना करी, मग सुई मिळे. इथे तो ओरडतच नव्हता. न झालेल्या वेदनेचा हा आणखी एक हिशेब, आणि तो त्या नर्सेसना वर्षानुवर्षे ठाऊक होता.

हे जगाला सांगायचे तर काय करावे, असे सॉण्डर्स यांनी विचारले, तेव्हा एका सर्जनने त्यांना डॉक्टर व्हायचा सल्ला दिला. नर्सचे कोणी ऐकणार नाही, हा त्याचा मथितार्थ. त्या १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या, शेकडो रुग्णांच्या नोंदी ठेवल्या आणि १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभे केले. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेले शांती अवेदना सदन, आपल्या देशातले पहिले हॉस्पिस, त्याच वंशावळीतले. सल्ला व्यवहारी होता. पण प्रत्येक शहाण्या नर्सने ऐकले जाण्यासाठी डॉक्टर व्हायचे, तर वॉर्डात कोण राहणार?

*

दुसरा मार्ग शाळेचा होता, आणि तो लांबचा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९०७ मध्ये ॲडलेड नटिंग या जगातल्या पहिल्या नर्सिंग-प्राध्यापक झाल्या. ब्रिटनमध्ये विद्यापीठाने नर्सिंगसाठी दार उघडले ते १९५६ मध्ये, एडिनबरोला. भारतात? १९४६. दिल्लीचे कॉलेज, जे पुढे राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखले गेले, आणि वेल्लोरचे कॉलेज, दोन्हीकडे त्याच वर्षी पदवी सुरू झाली. एडिनबरोच्या दहा वर्षे आधी. ही गोष्ट आपण आपल्यालाच सांगत नाही.

कारण आपल्याकडे नर्सिंगपुढचा पहिला प्रश्न पदवीचा नव्हताच, तो शिवाशिवीचा आणि अब्रूचा होता. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, बेडपॅन उचलायचे, रात्री घराबाहेर राहायचे. कोणत्या घरची मुलगी जाईल? १८९१ मध्ये मुंबईत प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत पहिली भारतीय विद्यार्थिनी म्हणून एका ओळीत येते. पुढची बरीच वर्षे या कामात अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती मुलीच अधिक होत्या.

इथे ती दोन नावे परत येतात. मलबारी आणि गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन काढले. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्याचे सेवासदन उभे केले, आणि ससूनमध्ये नर्सिंग शिकायला मुली पाठवायचे काम हाती घेतले. मुली म्हणजे बहुतेक विधवा. रमाबाईंना पुण्याचा स्वभाव अंतर्बाह्य ठाऊक होता. त्यांनी ‘नोकरी’ शब्द पुढे केला नाही, ‘सेवा’ केला. त्या एका शब्दाने दार किलकिले झाले. माझे मत विचाराल तर त्याच शब्दाने पुढे घोटाळाही केला. सेवेचा पगार मागताना मान खाली जाते, आणि सेवेचे शास्त्र असते हे कोणाला पटत नाही. परिचारिका, परिसेविका, अधिसेविका. सरकारी पदनामांच्या चढत्या पायऱ्यांवर पाहा, सेवा सुटत नाही.

स्वातंत्र्यानंतर हे शास्त्र म्हणून उभे करायला खपलेल्यांत तेहमिना अद्रनवाला यांचे नाव मोठे. त्या भारत सरकारच्या परिचर्या सल्लागार होत्या, आणि इंडियन नर्सिंग कौन्सिलचा १९४७ चा कायदा ताजा असताना प्रांतोप्रांतीचे वेगवेगळे अभ्यासक्रम एका मापात आणायचे किचकट काम त्यांच्या पिढीने केले. अशा कामावर चित्रपट निघत नाहीत. मुंबईत एसएनडीटीचे नर्सिंग कॉलेज १९६४ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेत व्हर्जिनिया हेंडरसन यांनी नर्सिंग-संशोधनाचा मोठा आढावा सिद्ध केला होता. त्यांना आढळले ते बोचरे आहे : नर्स कोण असते, का येते, का सोडून जाते यावर ढीगभर संशोधन, आणि ती रुग्णाच्या उशाशी काय करते यावर मूठभर.

*

ती मूठ लिंडा एकन यांनी उघडली. मुळात नर्स, मग समाजशास्त्रात डॉक्टरेट, मग फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संशोधन-केंद्र. त्यांनी विचारलेला प्रश्न कोणत्याही वॉर्डातल्या मावशीलाही सुचला असता. एका नर्सकडे रुग्ण जास्त झाले तर काय होते? उत्तर सगळ्यांना ठाऊक होते, आकडा कोणाकडे नव्हता.

२००२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तो आला. पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालये, शस्त्रक्रिया झालेले २,३२,३४२ रुग्ण, १०,१८४ नर्सेस. सरासरीने प्रत्येक नर्सकडे एक रुग्ण वाढला, की भरतीपासून तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. शंभरात सात जास्त मरतात असे नव्हे, मुळात जी शक्यता असते तिच्यावर सात टक्के चढतात. चाराचे आठ रुग्ण झाले तर ३१ टक्के. नर्स थकून विटून जाण्याची शक्यताही प्रत्येक वाढीव रुग्णामागे २३ टक्क्यांनी वाढत होती.

रुग्ण एकाएकी बिघडत नाही. श्वास मिनिटाला अठराचा चोवीस होतो. लघवी कमी होते. माणूस उगीच चादर ओढू लागतो, ‘बरं वाटत नाही’ म्हणतो आणि काय होते ते सांगता येत नाही. हे वाचायला कोणी तरी त्याला दोन तासांपूर्वीही पाहिलेले असावे लागते. चार रुग्णांच्या नर्सला ते दिसते. आठांच्या नर्सलाही दिसते, पण उशिरा.

पुढे २०१४ मध्ये युरोपातले नऊ देश, ३०० रुग्णालये आणि सव्वाचार लाखांच्या आसपास रुग्ण घेऊन त्यांनी तोच हिशेब पुन्हा केला. तोच आकडा निघाला, सात टक्के. सोबत आणखी एक : पदवीधर नर्सेसचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी घटते. नटिंगपासून अद्रनवालांपर्यंत ज्यांनी पदवीसाठी आयुष्य घातले, त्यांना शंभर वर्षांनी मिळालेली ही पावती.

कॅलिफोर्नियाने नर्समागे रुग्ण किती याची कमाल मर्यादा १९९९ मध्ये कायद्यात घातली आणि २००४ पासून अमलात आणली. साध्या वॉर्डात आधी सहा, मग पाच. रुग्णालयांच्या मालकांनी आकाशपाताळ एक केले, पण कायदा टिकला. आपल्याकडे नर्सिंग कौन्सिलचे माप अध्यापन रुग्णालयात तिनामागे एक आणि इतर रुग्णालयांत पाचामागे एक असे आहे. ते वाचून कोणत्याही सिस्टरला विचारावे आणि ती कशी हसते ते पाहावे. २०२० हे नाइटिंगेलबाईंच्या द्विशताब्दीचे, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिकांचे वर्ष ठरवले होते. जगात ५९ लाख नर्सेस कमी आहेत, असा अहवालही त्याच वर्षी आला. मग कोविडने ते वर्ष कसे साजरे केले ते सांगायला नको. थाळ्या वाजल्या. आणि २०२२ च्या मेअखेर महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका बाह्यस्रोतामार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर होत्या.

*

आकड्यांत न मावणारी एक रात्र सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. २६ नोव्हेंबर २००८, मुंबईचे कामा रुग्णालय. बाळंतपणाच्या आधीच्या वॉर्डात अंजली कुलथे यांची रात्रपाळी आणि वॉर्डात वीस गरोदर बायका. दोन दहशतवादी गोळीबार करत आवारात शिरल्याचे दिसल्यावर त्यांनी वॉर्डाचे दार लावून घेतले आणि त्या सगळ्यांना टोकाच्या पॅण्ट्रीत हलवले. त्यातल्याच एकीला कळा सुरू झाल्या. रक्तदाब वाढलेला. बाहेर स्फोटांचे आवाज, दिवे बंद. कुलथे तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहात घेऊन गेल्या. बाळ सुखरूप जन्मले. पुढे त्या दोघांतल्या कसाबला त्यांनी ओळखले, आणि २०२२ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे साक्षही दिली. तिथे त्यांचे ऐकले गेले. पण मला त्या पॅण्ट्रीतल्या बायका आठवतात. पोटातल्या धरून चाळीस जीव, आणि त्या रात्रीच्या मृतांच्या यादीत त्यांतले एकही नाव नाही.

*

चार वर्षांपूर्वी आईचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयात रात्री एका सिस्टरकडे किती खाटा आहेत ते मी मोजले. सतरा. एकन यांचा निबंध तेव्हा नुकताच वाचला होता, वाचला नसता तर बरे, असे त्या रात्री वाटले. तरी ती मुलगी दोनदा येऊन आईला कुशीवर करून गेली. तिसऱ्यांदा आली नाही तेव्हा मला राग आला, आणि मग समोरच्या खाटेभोवतीचा पडदा ओढलेला दिसला.

घरी आणल्यावर आत्याने फोनवर पाच प्रश्न विचारले. प्रकृती, जाग, चालणे, हलणे, ताबा. मी उत्तरे दिली, तिने बेरीज केली. बारा. मग हुकूम सुटले. गुडघ्यांच्या मध्ये उशी. टाच गादीला टेकता कामा नये, पोटरीखाली घडी घाल. ओढायचे नाही, खालच्या चादरीसकट उचलून सरकवायचे. लाल दिसले तर चोळायचे नाही. स्पिरिट? नाव काढू नकोस. आणि वही कर.

मी वही केली. २.०० डावी. ४.०० पाठ. ६.०० उजवी. मोबाइलचा गजर लावून सहा आठवडे. तिसऱ्या आठवड्यात मला कळले की रात्रीचे चार ही वेळ घड्याळात असते तशी अंगात नसते. एका पहाटे मी गजर बंद करून तशीच झोपले आणि सहाला दचकून उठले. वहीत ४.०० च्या पुढे जागा कोरी सोडली. खोटे लिहावेसे वाटले होते, हे इथे कबूल करते.

आई वॉकर धरून उभी राहू लागली त्या सुमारास आत्या मुंबईहून आली. गुडघे दुखत असताना खाटेशी वाकली, मोबाइलचा टॉर्च लावून आईच्या टाचा पाहिल्या, मग खुबा, माकडहाड, खांद्याची पाती. बोटाने दाबून बघितले. काही बोलली नाही. वही मागून घेतली, पाने उलटली, कोऱ्या जागेशी थांबली, तिथेही काही बोलली नाही. शेवटच्या नोंदीखाली तिने तिच्या वॉर्डातल्या तिरप्या अक्षरात, रात्रपाळीच्या ओव्हरला बत्तीस वर्षे लिहीत आली तेच लिहिले, ‘नो फ्रेश कम्प्लेंट्स’, आणि वेळ घालून सही केली.